पंचवीस युनिटांचं विमान

२४.८ युनिट. ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानाच्या दोन बॅटऱ्यांमध्ये मिळून एवढीच वीज मावते. महावितरणच्या घरगुती बिलातला पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो, त्याचा हा जेमतेम चौथा हिस्सा. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या या विमानाला १० जून २०२० रोजी युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं प्रमाणपत्र दिलं. निव्वळ विजेवर उडणाऱ्या विमानाला असं प्रमाणपत्र मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती.

२५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि नवी मुंबईत विमान हा घरातला विषय झाला. बस विजेवर आली, रिक्षा आली, मग विमान कधी? इथून पुण्याला विजेवर उडत जाता येईल का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर वही-पेन्सिल घेऊन काढता येतं.

धावपट्टीची अडचण मुळीच नाही. वेलिसला जमीन सोडायला अडीचशे मीटरच्या आसपास धाव पुरते. उलव्याची धावपट्टी ३,७०० मीटर आहे. अडचण पुढे आहे. दोन माणसांसह भरलेल्या विमानाचं वजन ६०० किलो. ते दीड हजार मीटर उंच न्यायला, म्हणजे घाटमाथ्यावरून सुखरूप पार व्हायला, पंख्याची आणि मोटरची तूट धरून साधारण ३.४ युनिट लागतात. वर चढणं एवढं स्वस्त आहे, हे मला स्वतः हिशेब करेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. महाग पडतं ते वर टिकून राहणं. या विमानाचा पंख एक मीटर खाली येताना पंधरा मीटर पुढे सरकतो. त्यावरून हिशेब केला, तर ताशी १२० किलोमीटरच्या वेगानं सरळ उडायला सुमारे १८ किलोवॅट लागतात. म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे नऊ गिझर एकाच वेळी चालू.

आता वजाबाकी. २४.८ पैकी ३० टक्के राखीव ठेवले की हाताशी १७.४ युनिट उरतात. चढाईचे ३.४ गेले, राहिले १४. त्यात पाऊण तासाहून थोडं जास्त उडता येतं, अंतर भरतं ९३ किलोमीटर. उलवे ते लोहगाव सरळ रेषेत शंभरच्या घरात आहे. उतरतीचा फायदा धरला तर नवी कोरी बॅटरी पुण्याला पोचवेल, पण जेमतेम. तीच बॅटरी जुनी होऊन ८० टक्क्यांवर आली की साठ किलोमीटरवर, कामशेतच्या आसपास, राखीव साठ्याला हात घालावा लागतो. शिवाय गर्दीच्या आकाशात नियंत्रण कक्षानं दहा मिनिटं घिरट्या घालायला सांगितलं तर तीन युनिट तिथेच संपतात. प्रवासासाठी हे विमान नाही.

दोष मोटरचा नाही, साठ्याचा आहे. किलोभर पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाव भाग कामी लावतं, म्हणजे ३ युनिट. वेलिसच्या बॅटऱ्यांचं वजन सुमारे १४० किलो, त्यामुळे दर किलोला हाती येतात ०.१६ युनिट. फरक एकोणीस पटींचा आहे. त्यात पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाची खाली उतरते.

पण हेच आकडे फ्लाइंग स्कूलच्या मैदानावर नेऊन मांडा. नवशिका वैमानिक सुरुवातीचे कितीतरी तास एकच गोष्ट घोटत असतो: उडायचं, हजार फुटांवर जायचं, धावपट्टीला वळसा घालून उतरायचं, चाकं टेकली की पुन्हा उडायचं. असं एक सर्किट सहा मिनिटांचं. माझ्या हिशेबानं त्याला दीड युनिट पुरतं. १७ युनिटांत अकरा सर्किटं होतात. बारा रुपये युनिट धरलं तर एका सर्किटची वीज १८ रुपयांची, आणि धावपट्टीपासून फार लांब जायची वेळच येत नाही. जुन्या सेसना १५२ ला त्याच सहा मिनिटांत दोन लिटरहून अधिक शिसंमिश्रित पेट्रोल लागतं. बॅटरीची झीज वेगळी मोजावी लागेल आणि ती लहान रक्कम नसेल. तरीही रोजचा खर्च खाली येतो, आणि आजूबाजूच्या गावाच्या कानांनाही आराम पडतो. विमान थांबलं की पंखाही थांबतो. मैदानावरच्या माणसांना मात्र नव्यानं शिकवावं लागेल की न फिरणारा, आवाज न करणारा पंखाही तितकाच धोक्याचा असतो.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं. त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचा एक प्रवासही येतो. तो पेट्रोलवरच करावा लागेल. पहिले तास विजेवर, लांबचे पेट्रोलवर, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते.

हे घराणं आपल्याला परकंही नाही. २०१५ मध्ये भारतानं हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी पिपिस्ट्रेलच्याच ‘व्हायरस’ जातीच्या १९४ पेट्रोल विमानांची मागणी नोंदवली. वेलिस त्याच जातीतून घडलं. शिवाय बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या, विजेवर उडणाऱ्या दोन आसनी ‘ई-हंसा’ची किंमत दोन कोटींच्या आसपास, म्हणजे परदेशी विमानाच्या निम्मी असेल, असं केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी २०२५ मध्ये सांगितलं.

ऊन ही आपली खरी परीक्षा आहे. बारामती, धुळे, गोंदियाजवळचं बिरसी, जिथे आपली मुलं विमान शिकतात, तिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि लिथियमची बॅटरी तापलेली असताना चार्ज करणं तिला मानवत नाही. उड्डाणं पहाटे घ्यावी लागतील, हँगरमध्ये थंडावा राखावा लागेल, आणि चार्जिंगला तास-दीड तास जातो म्हणून एकाऐवजी दोन विमानं ठेवावी लागतील. म्हणून धावपट्ट्या सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे: विजेच्या विमानाचा पहिला चार्जर उलव्याला नको, धुळ्याला किंवा बारामतीला बसवा, आणि तोही सावलीत.