न वापरलेले पेव

सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. इथल्या जमिनीत हळद साठवण्यासाठी खोदलेली पेवे प्रसिद्ध आहेत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि आत रुंद होत गेलेली पोकळी. हळद भरून तोंड बंद केले की माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच आत उतरत नाही. काही तास तोंड उघडे ठेवतात, कंदील सोडून आतली हवा पाहतात, मगच माणूस उतरतो. वापरातले पेव ही संपत्ती. वापर संपला तरी तोंड न बुजवलेले पेव म्हणजे नुसता धोका.

आपल्या घरच्या किंवा दुकानातल्या संगणकातही अशी पेवे असतात. विंडोज ही कार्यप्रणाली अनेक सुट्या घटकांची बनलेली असते. त्यांतले काही अत्यावश्यक, तर काही ऐच्छिक. ऐच्छिक घटक कोणाच्या तरी गरजेसाठी ठेवलेले असतात. ती गरज आपली असेलच असे नाही. ‘राहू दे, जागा कुठे अडते?’ असे म्हणून आपण ते तसेच ठेवतो. जागा खरोखरच फारशी अडत नाही. प्रश्न जागेचा नाहीच.

एकच उदाहरण घेऊ. ‘एसएमबी’ म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक. पतपेढीतल्या दोन टेबलांवरचे संगणक एकाच फोल्डरमधली खातेवही उघडतात, तेव्हा ते आपापसात ज्या भाषेत बोलतात ती ही. तिची पहिली आवृत्ती 1983 च्या सुमारास आयबीएममध्ये तयार झाली. एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या मोजक्या यंत्रांचा तो काळ होता. आजच्या हल्लेखोरांचा विचार तिच्यात नाही. पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली आणि पहिलीची गरज ओसरली. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिली आवृत्ती कालबाह्य ठरवली. तरीही असंख्य संगणकांत ती चालूच राहिली.

मार्च 2017 मध्ये त्यातली एक गंभीर त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दिली. एप्रिलमध्ये त्याच त्रुटीचा फायदा घेणारे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार जगजाहीर झाले, आणि 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’चे अक्षरशः पेव फुटले. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक खंडणीसाठी कुलूपबंद झाले. 27 जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या प्रसाराच्या मार्गांपैकी एक हाच होता. त्याचा फटका आपल्या दारापर्यंत पोहोचला. सांगली-तासगावची द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. संगणकांनी करायची कामे माणसांना हाताने करावी लागली.

त्यानंतर, 2017 च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून नव्या संगणकात हा घटक मुळातच बंद असतो. काही आवृत्त्यांमध्ये तो चालू असला तरी पंधरा दिवसांच्या प्रत्यक्ष कामकाजात वापरला गेला नाही, तर आपोआप निघून जातो. पण वर्षानुवर्षे चालत आलेल्या जुन्या संगणकावर स्वतः पाहून घेतलेले बरे.

काढण्याची रीत सोपी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ उघडावे. डाव्या बाजूला ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ असा पर्याय दिसतो. त्याच्या यादीत ‘एसएमबी 1.0/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’ शोधून समोरची खूण काढावी, ‘ओके’ म्हणावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. इथे घटक बंद होतो, पण त्याच्या मूळ फायली सहसा डिस्कवरच राहतात. म्हणून चूक झालीच, तर पुन्हा खूण करून तो परत आणता येतो.

त्याआधी कंदील सोडून पाहावा. या घटकावर अजून कोण अवलंबून आहे? स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये पाठवणारे जुने झेरॉक्स यंत्र असू शकते. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या यंत्राला जोडलेला विंडोज एक्सपीचा संगणक असू शकतो. एक्सपीला तर एसएमबीची हीच एक आवृत्ती येते. खूण काढल्यावर एक पान छापावे, एक स्कॅन करावे, सामायिक फोल्डर उघडून पाहावे. काही अडले, तर कारण तिथेच सापडते. आणि घटक काढला म्हणून विंडोजच्या नियमित सुधारणा थांबवायच्या नाहीत. इतर वाटा त्यांनीच बंद होतात.

या उत्साहात एक चूक मात्र हमखास होते. ऐच्छिक घटकांच्या दुसऱ्या एका यादीत, सेटिंग्जमध्ये, ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ असे नाव दिसते. ‘सप्लिमेंटल’ म्हणजे जादा, तेव्हा काढून टाका, असे वाटणे साहजिक आहे. पण मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट त्यातच असतात. मंगलमध्ये मांडलेले पुस्तक हा घटक नसलेल्या संगणकावर उघडले, तर मजकूर युनिकोडमध्ये असल्याने नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो. मात्र अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, पाने वाढतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. साताऱ्यातल्या डीटीपीच्या एखाद्या दुकानात ऐन दिवाळीत असे झाले, तर अंकच लांबणीवर पडायचा. साताऱ्याच्याच वाईने मराठी विश्वकोश घडताना पाहिला आहे. पानांची जुळणी बिघडणे म्हणजे काय, हे तिथे कोणाला सांगावे लागणार नाही.

दोन्ही घटक ऐच्छिकच. एक वर्षानुवर्षे चालू असूनही कोणाच्या कामाचा नसतो, तर दुसरा कधीमधीच लागतो, पण लागतो तेव्हा त्याच्यावाचून अडते. नावावरून किंवा वयावरून हे कळत नाही. कोण वापरतो, काढल्यास काय अडेल आणि ठेवल्यास कोण आत येऊ शकेल, एवढे तीन प्रश्न विचारले की उत्तर मिळते. हरिपूरचा शेतकरीही पेव बुजवण्याआधी आत हळद उरली नाही ना, हे पाहतोच.