वाळवंटातील वाटाड्या

मोटारीत फोन चार्जरला जोडलेला आहे, त्यावर रस्त्याचा नकाशा चालू आहे, आणि तरीही बॅटरीचा आकडा वर चढण्याऐवजी हळूहळू खाली येत आहे, असा अनुभव संयुक्त अरब अमिरातीत मोटार चालविणाऱ्या पुष्कळांना येतो. कोणी दोष फोनला देतो, कोणी चार्जरला. वस्तुतः येथे दोन निरनिराळी कारणे काम करीत असतात. मुलाबाळांसह दुबईहून लिव्याच्या वाळवंटाकडे अथवा रास अल खैमाच्या जबल जैस डोंगराकडे निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नव्हे. वाट दाखविणारा हा फोनच संकटसमयी ९९९ या क्रमांकावर पोलिसांना हाक मारण्याचेही साधन असतो.

पहिले कारण साध्या जमाखर्चाचे आहे. नकाशा चालू असता फोनला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. आखातातील लख्ख उन्हात पडदा वाचता यावा म्हणून तो पूर्ण तेजाने उजळत ठेवावा लागतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे क्षीण संदेश अखंड टिपावे लागतात, आणि रहदारीची ताजी माहिती मोबाईलच्या जाळ्यातून आणावी लागते. हा झाला खर्च. जमेची बाजू पाहिली, तर अनेक जुन्या मोटारींतील यूएसबी खाचेतून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अवघी अडीच वॅट वीज मिळते. ही खाच मुख्यतः गाणी ऐकण्याच्या सोयीसाठी दिलेली असते. मिळकतीहून खर्च अधिक झाला की शिल्लक आटणारच. यावर उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या गोल खाचेत बसणारा १८ ते २० वॅटचा चांगला चार्जर, आणि त्यास जोडलेली आखूड, शाबूत केबल.

परंतु एवढ्याने काम भागत नाही, कारण दुसरे कारण उष्णतेचे आहे. आपल्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली, आणि तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी गुणी खरी, पण तिला उष्णता सोसत नाही. आयफोनच्या उत्पादकांनी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंशांपर्यंत असावे, असे वापरासाठी सांगितले आहे; बंद फोन नुसता ठेवावयाचा झाल्यासही ४५ अंशांची मर्यादा घातली आहे. आता इकडील उन्हाळा पाहा. २४ मे २०२५ रोजी अल ऐन विभागातील स्वैहान येथे ५१.६ अंश तापमानाची नोंद झाली, आणि हे तापमान सावलीतले. काचेमागील डॅशबोर्डचा तर तवाच होतो. अशा वेळी फोन स्वसंरक्षणार्थ पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवितो. चार्जर उत्तम असला तरी उपयोग होत नाही, तो यामुळेच.

यातील खरी मेख पुढेच आहे. वीज जितकी वेगाने भरावी तितकी फोनमध्ये उष्णताही अधिक निर्माण होते. म्हणजे पहिल्या दुखण्यावरचे औषध दुसरे दुखणे वाढवू शकते! म्हणून आधी थंडावा आणि मग वीज, असा क्रम ठेवावा. फोन समोरच्या काचेला न चिकटविता, थंड हवेच्या झरोक्यापाशी बसणाऱ्या पकडीत ठेवावा. जाड आवरण काढून टाकावे. तारेविना चार्ज करणारी तबकडी फोन अधिक तापविते. उन्हाळ्यात केबलच बरी. फोन तापलाच तर चार्जर काढून त्यास सावलीत निवू द्यावे. बर्फावर किंवा शीतपेटीत ठेवू नये, कारण त्याने आत दव धरते. मोटार उभी करून जाताना फोन, तसेच पॉवर बँकही, सोबत न्यावी.

खर्चालाही आळा घालता येतो. निघण्यापूर्वी घरीच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. उपग्रहांचे संदेश फोन केवळ ऐकतो, त्यांना उत्तर देत नाही. त्यामुळे मोबाईलचे जाळे नसले तरी आपण कोठे आहोत हे त्यास कळते. ई-११ सारख्या लांब, सरळ महामार्गावर पडदा मालवून केवळ आवाजाच्या सूचना ऐकल्या तरी पुरे. ठिकाण घालणे, केबल जोडणे ही कामे चाक फिरण्यापूर्वीच उरकावीत. गाडी चालविताना फोन हाताळल्यास ८०० दिरहम दंड व चार काळे गुण, अशी शिक्षा २०१७ च्या नियमांनी ठरविली; आणि दंडापेक्षा जिवाचे मोल मोठे आहे.

आजच्या रास अल खैमाजवळील जुल्फार येथे पंधराव्या शतकात जन्मलेल्या अहमद इब्न माजिद या नाखव्याने ताऱ्यांच्या आधारे सागरी मार्ग सांगणारे ग्रंथ रचले. त्याच्या वाटाड्यांना चार्जर लागत नसे, परंतु त्यांची ओळख मात्र आधीच करून घ्यावी लागे. आपणही तेवढे करू शकतो. मार्गातील मोठी गावे व वळणे मुलांकडून कागदावर लिहून घ्यावीत. दुबईत जावयाचे असल्यास इमारतीच्या दारावरील दहा आकडी मकानी क्रमांकही त्यात असावा. बॅटरी पूर्ण भरूनच घर सोडावे, म्हणजे वाटेत चार्जरने केवळ तूट भरून काढावयाची राहते. फोन बंद पडल्यावर वाट शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे, आणि वाळवंटात विहीर खणणे काही सोपे नव्हे.