ट्विन कॅम ८८ : आधी टेन्शनर पाहा

हार्ले-डेव्हिडसनचं हे १४५० सीसीचं इंजिन १९९९च्या मॉडेलांपासून आलं. दोन सिलिंडरांत ४५ अंशांचा कोन. आधीच्या इव्होल्यूशन बिग ट्विनमध्ये गिअरवर फिरणारा एकच कॅमशाफ्ट होता. इथे दोन, आणि ते चेनवर फिरतात. चेन ताणून धरायला स्प्रिंगचे दोन टेन्शनर असतात, त्यांचे पॅड प्लास्टिकचे. खरं दुखणं इथेच आहे. पॅड झिजला की त्याचा चुरा ऑइलबरोबर पंपात जातो. पार संपला तर चेन धातूवर घासू लागते.

बाहेरचा पॅड कॅम कव्हर काढलं की दिसतो. आतल्यासाठी कॅम प्लेट उतरवावी लागते. काम वेळखाऊ, त्यामुळे तो बऱ्याचदा न पाहताच राहतो, आणि हे मला अजिबात पटत नाही. खोल चरे किंवा कडेचे टवके दिसले तर पॅड बदलायलाच हवा. २००६च्या डायना आणि २००७पासूनच्या सगळ्या ट्विन कॅम गाड्यांत हायड्रॉलिक टेन्शनर आले. ते जास्त टिकतात, जुन्या इंजिनांसाठीही त्यांचं किट मिळतं.

१९९९ ते २००६मधली गाडी सेकंडहँड घेत असाल, तर टेन्शनर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सौदा पक्का करू नका.