गारवा तळाशी, धोका वर येताना

उन्हाळ्यात विहिरीत मुटका मारणाऱ्या पोरांना हे ठाऊक असते: वरचे पाणी कोमट, अन् दोन पुरुष खाली पायाला झोंबणारे गार. धरणात हेच मोठ्या प्रमाणावर होते. हिवाळ्यात थंड झालेले पाणी जड म्हणून तळाशी बसते आणि पुढे ऊन वरचाच थर तापवते. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याचे, 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण सुमारे 82 मीटर उंच आहे. एवढ्या खोलीच्या पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या शरीराचे काय होते?

पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे बर्फाळ समुद्रच हवा असे नाही. 20-22 अंशांचे पाणीही तासाभरात हुडहुडी भरवते. त्यात 70 मीटरवर दाब जवळपास आठपट. रबरी पोशाखातले हवेचे बुडबुडे दबून तो पातळ पडतो, म्हणजे ऊब हवी तिथेच ती जाते. दाट झालेली थंड हवा प्रत्येक श्वासागणिक छातीतली उष्णता बाहेर नेते. बोटे बधिर झाली की झडप फिरवणेही जमत नाही.

पण खरी मेख परतीच्या वाटेवर आहे. तळाशी हातपाय चालत असतात, अंग गरम असते, रक्तात नायट्रोजन भराभर विरघळतो. वर येताना मात्र दोरीला धरून, टप्प्याटप्प्याने, न हलता थांबावे लागते. आता थंडीने कातडीकडचे आणि हातापायांतले रक्त आटते, आणि तिथला वायू बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, कधी मज्जारज्जूला इजा होते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत तळाशी गरम आणि वर येताना थंड हीच जोडी सर्वांत वाईट ठरली. इजिप्तच्या अहमद गब्रने 2014 मध्ये तांबड्या समुद्रात 332 मीटर गाठले. उतरायला पाव तास, वर यायला जवळपास चौदा तास लागले! भंडारदरा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच असल्याने तिथे थांब्यांचे गणित आणखी कडक होते.

आपल्याकडे खोल पाण्यात जाणारे हौशी थोडेच. जातात ते बहुधा बुडालेल्याला शोधायला. मे 2024 मध्ये सुगावजवळ प्रवरेत अशाच शोधकार्यात बोट उलटून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान गेले. तो घात प्रवाहाचा होता, थंडीचा नव्हे. पण काठावरच्या गर्दीने ‘आणखी एकदा खाली जा’ म्हणण्याआधी तो माणूस किती वेळ गारठ्यात आहे, हे विचारावे.

बाहेर आलेल्याचे ओले कपडे काढा, कोरडे घोंगडे गुंडाळा, आडवे ठेवा. अंग चोळू नका, दारू पाजू नका. खोलवरून आलेल्याला लगेच कढत पाण्याने अंघोळ घालणेही वाईट: कातडी एकदम तापली की तिथे अडकलेला वायू बुडबुड्यांत फुटतो. सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा पाय लटपटले तर प्राणवायू लावून थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना किती खोल, किती वेळ हे आधी सांगा.