दुपट्यावरचा सर्कशीचा हत्ती

बाळाची दुपटी, मुलांच्या चादरी, खोलीतले पडदे यांवर जुनी सर्कस दिसते. पट्ट्यापट्ट्यांचा तंबू, चेंडूवर उभा हत्ती, जळत्या कड्यातून उडी मारणारा सिंह. आम्हा कोकणातल्या मंडळींना लहानपणची सर्कस आणि मुंबईची राणीची बाग आठवते, आणि हात आपसूक त्या कापडाकडे जातो.

१८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत सर्कस सुरू केली, तेव्हापासून आपल्या पिढ्यांनी तो तंबू पाहिला. आठवण गोड आहे, पण त्या प्राण्यांचे दिवस गोड नव्हते. हत्ती आपल्या मर्जीने स्टुलावर चढत नाही. त्याला साखळी आणि अंकुश चढवतात. सिंह आगीला भितो, तरी उडी मारतो, कारण चाबकाची भीती त्याहून मोठी असते. अरुंद पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ आपल्याला रुबाबदार वाटला. खरे तर तो कोंडलेल्या जिवाचा त्रास होता.

वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंद केले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. त्या यादीत हत्ती मात्र नव्हता.

मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. मग कोंडलेल्या हत्तीचे चित्र त्याच मुलांच्या अंगावर कौतुकाने का पांघरायचे?

नक्षीच हवी तर आपल्या आंबोलीत पाहावी. घाटमाथ्यावरच्या जांभ्या कातळावर पहिल्या पावसात एक छोटा बेडूक बाहेर पडतो. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याच्या नावात ‘टायग्रिना’ घातले. तो आंबोली परिसराबाहेर कुठेही आढळलेला नाही, आणि नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. त्याला पाहायला तिकीट नाही आणि पिंजराही नाही. पावसाळी रात्री घाटात गाडी हळू चालवावी आणि त्याला हात लावू नये, एवढेच.

हे पट्टे गोधडीवर, ओढणीच्या काठावर सुंदर दिसतील. ज्या घरांत जिवांची चित्रे नको असतात, तिथे नुसते पट्टेही चालतील.

कापड घेताना मुलांना एकच विचारावे: हा प्राणी इथे आपल्या मर्जीने उभा आहे का? उत्तर मुलेच देतील.