भयाकृती आणि संगणकाची लेखणी

भरतमुनींनी सांगितलेल्या आठ रसांत भयानकाला स्थान आहे. म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात भीती उत्पन्न करणे हे कलेचे एक रीतसर काम ठरते. आज हे काम पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर चालते. तेव्हा या नव्या साधनाने चित्रकाराला काय दिले आणि काय दिले नाही, याचा आपण विचार करू.

आधी एक जुना दाखला घेऊ. लिओनार्दो दा विंचीच्या चरित्रात व्हासारी सांगतो की, एका ढालीवर राक्षसी प्राणी रंगविण्यासाठी लिओनार्दोने पाली, नाकतोडे, साप आणि वटवाघळे गोळा केली व त्यांच्या अवयवांतून एक आकृती जुळविली. ती अवचित दृष्टीस पडताच त्याचा बाप दचकला. यातले मर्म असे की, अगदी अनोळखी वस्तूची भीती वाटत नाही. ओळखीचे अवयव भलत्या जागी दिसले म्हणजे वाटते.

आता समजा, आपल्याला पडक्या विहिरीत राहणारा एक प्राणी काढायचा आहे. हाती दाब ओळखणारी लेखणी आहे. ती जोराने टेकली तर रेघ जाड होते, हलकेच फिरविली तर बारीक. प्रथम तपशील न भरता नुसत्या काळ्या छायाकृती काढाव्या, एक सोडून दहा काढाव्या. जी आकृती काळ्या डागाच्या रूपातही मनाला खटकते, तीच पुढे न्यावी.

मग येतात थर. सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर वेगवेगळी चित्रे काढून ती एकावर एक ठेवण्याची युक्ती चलच्चित्रकारांनी १९१४ च्या सुमारास काढली होती. संगणकातले थर हे तिचेच भावंड. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि त्यात १९९४ साली थरांची सोय झाली. विहीर एका थरावर, प्राणी दुसऱ्यावर, धुके तिसऱ्यावर. त्यामुळे एकाला हात लावला तरी दुसरे बिघडत नाही.

हे थर एकमेकांत मिसळतात ते साध्या अंकगणिताने. काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १ असे धरा. ‘गुणाकार’ पद्धतीत वरच्या आणि खालच्या छटांचा गुणाकार होतो. अर्ध्या करड्यावर अर्धा करडा ठेवला की पाव उरतो, म्हणजे रंग गडद होतो. पांढऱ्याने गुणले तर काहीच बदलत नाही. म्हणून पेन्सिलीचे रेखाटन या पद्धतीने वर ठेवले की कागदाचा पांढरेपणा नाहीसा होतो आणि रेघा तेवढ्या राहतात. याच्या उलट पद्धतीत चित्र फक्त उजळते. डोळ्यांतली चकाकी तिने साधते.

कातडीसाठी कारल्याच्या सालीचे किंवा कुजक्या लाकडाचे आपणच टिपलेले छायाचित्र वरच्या थरावर पसरून पाहावे. लिओनार्दोच्या पालींचेच हे नवे रूप. मात्र प्रकाश एकाच दिशेने पडला पाहिजे आणि पायांनी धडाचा भार पेलला पाहिजे, नाहीतर प्राणी चिकटविलेला वाटतो. मधूनमधून सारे चित्र डावे-उजवे उलटून पाहावे. आरशात चित्र पाहून दोष हेरावे, हा सल्लाही लिओनार्दोचाच. संगणकात त्याला क्षणभर पुरतो.

येथवर साधनाने दिले ते पाहिले. पण चुकीची किंमत शून्यावर आली, की प्रयोग संपतच नाहीत. दात वाढवावे, डोळे वाढवावे, शिंगे लावावी, असे करता करता भयानकाचे हास्यास्पद केव्हा होते ते कळतही नाही. स्विस चित्रकार गीगर याने १९७६ साली रंगाच्या फवाऱ्याने एक आकृती चितारली. १९७९ च्या ‘एलियन’ चित्रपटातील प्राणी तिच्यावरूनच घडला. त्या प्राण्याला दिसतील असे डोळेच नाहीत! तो आपल्याकडे पाहतो आहे की नाही हे कळत नाही, आणि भीती नेमकी तेथेच जन्मते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, प्रयोग मनसोक्त करावे, पण शेवटी एकेक थर मिटवून पाहावा. जो मिटविल्याने भीती कमी होत नाही, तो काढून टाकावा. विहिरीच्या अंधारात किती दाखवायचे आणि किती झाकायचे, हा निर्णय यंत्र घेत नाही. तो ज्याला भय ओळखता येते, त्या माणसानेच घ्यावयाचा असतो.