भरलेली गाडी जोरात की रिकामी?



गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात एक प्रश्न निघाला आणि त्याचे उत्तर मी चुकीचे दिले. फळ्यावर चुकले तर डस्टरने पुसता येते. डोक्यात बसलेली चूक तशी पुसत नाही, ती पुन्हा लिहूनच काढावी लागते. म्हणून या वेळी भित्तिपत्रकातला हा कोपरा मी मागून घेतला आहे.

प्रश्न असा होता. एका मुलाने सुट्टीत मामाच्या मोबाइलवर रोलर कोस्टर पाहिला. उंच लोखंडी रुळांवरून माणसांनी भरलेली छोटी गाडी खाली झेपावते, पुन्हा वर चढते, वळणे घेते आणि माणसे आनंदाने ओरडतात. त्याने विचारले, "गुरुजी, त्या गाडीत सगळी माणसं बसली तर ती जोरात पळेल का हळू?"

मी घाईत म्हणालो, "ओझे वाढले की गाडी हळूच जाणार. भरलेली बैलगाडी रिकाम्या गाडीइतकी पळते का?"

सगळा वर्ग एका सुरात "नाही" म्हणाला. मागची एक मुलगी मात्र उभी राहिली. "गुरुजी, चढाला नाही पळत. पण उताराला भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. आमचे बाबा तर खाली उतरून बैलांना धरून चालतात."

वर्ग हसला. तास संपत आला होता. मी तिला "बस खाली" म्हणालो. त्यानंतर दोन आठवडे त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. ते माझ्या लक्षात आले तेव्हा मी पुस्तके काढून बसलो. जे समजले ते खाली देत आहे.

इंजिन नसलेली गाडी

बहुतेक रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिनच नसते! रुळांमधली एक लांब साखळी गाडीला पहिल्या उंच टेकाडावर ओढून नेते. साखळी सुटली की पुढचे सारे काम पृथ्वीच्या ओढीवर, म्हणजे गुरुत्वाकर्षणावर चालते.

जत्रेला जाताना आई आपल्या हातावर पैसे ठेवते. तेवढ्यातच पाळणा, शेव-रेवडी आणि शिट्टी भागवायची असते. वाटेत वाढीव पैसे मिळत नाहीत. गाडीचेही तसेच. साखळीने वर नेताना तिला जी ऊर्जा मिळाली, तेवढीच तिची शिदोरी. वर असताना तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. गाडी खाली येऊ लागली की तिचीच गतिज ऊर्जा होते, म्हणजे वेग येतो. गाडी पुन्हा चढू लागली की वेग कमी होतो आणि उंची मिळते. म्हणून पुढचे कोणतेही टेकाड पहिल्यापेक्षा उंच ठेवता येत नाही. ठेवले तर गाडी अर्ध्यातून मागे येईल.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन यांनी अशी गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट होते. तिचा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर, म्हणजे आपल्या सायकलहून कमी! पण माणसांनी रांगा लावल्या.

उंची किती, वेग किती?

आता हिशेब करू. घर्षण आणि हवा नाहीत असे क्षणभर समजू. ५ मीटर उंचीवरून गाडी खाली आली तर तिचा वेग ताशी ३६ किलोमीटर होतो. २० मीटरवरून ७२, ४५ मीटरवरून १०८ आणि ८० मीटरवरून १४४. (सोपे जावे म्हणून आकडे थोडे पूर्ण केले आहेत.)

हे आकडे नीट पाहा. उंची ५ वरून २० झाली, म्हणजे चौपट झाली, पण वेग दुप्पटच झाला. वेग तिप्पट हवा तर उंची नऊपट लागते. म्हणून जोरात धावणारे रोलर कोस्टर इतके उंच बांधावे लागतात.

आणखी एक गंमत. या हिशेबात वजन कुठेच आले नाही! गाडीचे वजन दुप्पट केले तर पृथ्वी तिला दुप्पट जोराने ओढते. पण दुप्पट वजन हलवायला जोरही दुप्पटच लागतो. त्यामुळे वेग तेवढाच राहतो. म्हणजे मी तर चुकलोच, पण ती मुलगीही चुकली की काय? थांबा, हिशेब अजून संपलेला नाही.

वाटेतले दोन चोर

अमेरिकेच्या ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी 'मॅग्नम एक्सएल-२००' नावाचा रोलर कोस्टर आहे. तो १९८९ साली सुरू झाला. त्याची गाडी पहिल्या उतारावर सुमारे ५९ मीटर खाली येते. आपल्या हिशेबाने तिचा वेग ताशी १२२ किलोमीटरच्या आसपास हवा. प्रत्यक्षात तो ११६ सांगतात. मग उरलेला वेग कोणी चोरला?

पहिला चोर म्हणजे घर्षण. रोलर कोस्टरच्या गाडीला तीन बाजूंनी चाके असतात. काही रुळावर, काही रुळाच्या बाजूला आणि काही रुळाच्या खाली. गाडी उसळून रुळावरून सुटू नये म्हणून खालची चाके लावतात. त्यांचे पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतले. ही सगळी चाके फिरताना थोडी थोडी ऊर्जा खातात. चाकाचे आवरण कडक असेल तर गाडी जोरात धावते. ते मऊ असेल तर धक्के कमी बसतात, पण वेगही कमी होतो. चाकाच्या बेअरिंगमधले ग्रीस थंडीत घट्ट होते. म्हणून थंड सकाळी पहिली फेरी संथ जाते आणि दुपारी चाके तापली की तीच गाडी चपळ होते. हिवाळ्यात गोठलेले खोबरेल तेल बाटलीतून निघत नाही, ते आठवा म्हणजे कळेल.

दुसरा चोर म्हणजे हवा. सायकलवर उतारावरून येताना तोंडावर वारा लागतो, तोच हा. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. समोरून वारा असेल तर तो आणखी वाढतो.

मग भरलेली की रिकामी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घर्षण वजनाबरोबर वाढते, त्यामुळे त्याने फारसा फरक पडत नाही. पण हवा वजन बघत नाही, ती आकार बघते. गाडीत ३६ माणसे बसली तर गाडीचे वजन खूप वाढते, आकार मात्र थोडाच वाढतो.

एकाच्या हातात लहान भाकरी आहे आणि दुसऱ्याच्या हातात मोठी. कावळ्याने दोघांच्या भाकरीचा सारखाच तुकडा नेला. जास्त नुकसान कोणाचे? लहान भाकरीवाल्याचे! रिकाम्या गाडीची ऊर्जा म्हणजे लहान भाकरी, भरलेल्या गाडीची म्हणजे मोठी. हवेचा घास जवळजवळ सारखाच. म्हणून भरलेली गाडी आपला वेग जास्त टिकवून धरते आणि रिकाम्या गाडीहून थोडी जोरात धावते.

थंडीच्या, वाऱ्याच्या दिवशी रिकामी गाडी कधी कधी दोन टेकाडांच्या मधल्या खळग्यात अडकून बसते. म्हणून चाचणी घेताना गाडीत पाण्याने भरलेले माणसाएवढे प्लॅस्टिकचे पुतळे बसवतात. पाहिलेत, तिथल्या इंजिनिअरांनाही तेच ठाऊक आहे, जे आमच्या सातवीतल्या मुलीने बैलगाडीवरून सांगितले! तिचे उत्तर बरोबर होते. फक्त मधली हवेची पायरी राहिली होती, आणि ती पायरी त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हती.

पुढे बसावे की मागे?

हाही प्रश्न वर्गात निघाला होता. सगळे डबे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून एका क्षणी सर्वांचा वेग सारखाच असतो. पण पुढचा डबा टेकाडाचा माथा ओलांडतो तेव्हा मागचे डबे अजून चढावरच असतात, त्यामुळे गाडी हळू असते. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे डबे उतरू लागलेले असतात आणि ते त्याला ओढतात. म्हणून मागे बसणारा माथा जास्त वेगाने ओलांडतो आणि जागेवरून उचलला जातो. ज्याला भीती वाटते त्याने मध्ये बसावे!

वेग कमी पडला तर आणि जास्त झाला तर

काही रोलर कोस्टरना साखळी नसते. त्यांच्या गाडीला सपाट रुळावरच जोराचा झटका देऊन पळवतात. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात २००५ साली 'किंग्डा का' नावाचा असा रोलर कोस्टर सुरू झाला. त्याचे टोक १३९ मीटर उंच होते आणि गाडी साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग घेई. आपल्या हिशेबाने तेवढे चढायला ताशी १८८ पुरेत. उरलेला वेग दोन चोरांसाठी. तरीही कधी चोर भारी पडत आणि गाडी टोकाच्या अलीकडे थांबून उलटी खाली येई. तिला थोपवायला रुळावर ब्रेक बसवलेले होते. २०२४ साली तो बंद झाला आणि २०२५ साली पाडला.

वेग जास्त होऊनही चालत नाही. म्हणून मार्गावर मध्ये मध्ये ब्रेक असतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी लोहचुंबकाचे ब्रेक वापरतात. गाडीच्या खालची धातूची पट्टी चुंबकांमधून जाते आणि काहीही न घासता वेग कमी होतो. वीज गेली तरी हे ब्रेक काम करतात.

करून पाहा

१. शेतातल्या जुन्या काळ्या नळीचा दोन-तीन हात लांब तुकडा मोठ्या माणसाकडून उभा चिरून घ्या. तिला दोन टेकाडांचा आकार द्या आणि गोटी सोडा. दुसरे टेकाड किती उंच ठेवले तर गोटी ओलांडते, ते मोजा. मग नळीत चिमूटभर माती टाकून पुन्हा मोजा.

२. दोन काड्यापेट्या घ्या. एक रिकामी ठेवा, दुसरीत वाळू भरा. बाकाच्या उंचीवरून टाकल्या तर दोन्ही जवळजवळ बरोबर पडतात. मग मोठ्या माणसाने जिन्यावरून टाकाव्यात. वाळूची आधी पडेल.

हा दुसरा प्रयोग आम्ही शाळेत केला. काड्यापेट्या टाकायला मी होतो आणि खाली निकाल सांगायला तीच मुलगी. वाळूची पेटी आधी पडली. माझे चुकले होते, असे मी सगळ्या वर्गासमोर सांगितले. या वेळी कोणी हसले नाही.

तिने लगेच हात वर केला. "गुरुजी, मग थांबायला कोणाला जास्त लागेल, भरलेल्या का रिकाम्या?"

मुलांनो, याचे उत्तर मात्र मी विचार करून दिले. ब्रेक तोच आणि तेवढाच दाबला, तर भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागते, कारण तिच्याकडची भाकरी मोठी. रोलर कोस्टरला त्यासाठी जागोजाग ब्रेक असतात. खिंडीच्या उतारावरून एका सायकलवर तिघे बसून येणाऱ्यांना असते ती एकच झिजलेली रबरी गुटखी. ते तिघे कोण, ते मला ठाऊक आहे. उद्यापासून त्यांनी उतारावर खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. बैलगाडीवाले बाबा तसेच करतात.